अडखळणारा राजा

१९४० सालचे जुने नाणे तुम्ही पाहिले असेल, तर त्यावरचा राजा म्हणजे इंग्लंडचे सहावे जॉर्ज. त्यांचा जन्म १४ डिसेंबर १८९५ रोजी झाला. त्यांचे मूळ नाव आल्बर्ट.

आल्बर्ट डावखुरा होता. त्याला उजव्या हाताने लिहायला लावले. आठव्या वर्षाच्या सुमारास तो बोलताना अडखळू लागला. शब्द मनात तयार असे, पण ओठांवर येऊन अडे. भावंडे हसत. वडील शिस्तीचे होते. ते अधीर होऊन, लवकर बोल म्हणून दरडावत. मग अर्धा आलेला शब्दही घशातच राही.

नौदलाच्या शाळेत एकदा त्याला विचारले, अर्ध्याचे अर्धे किती? त्याला उत्तर येत होते. पण पाव या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षरच तोंडातून निघेना. तो गप्प राहिला आणि ढ ठरला. उत्तर न येणारा मुलगा वेगळा आणि येऊनही बोलू न शकणारा वेगळा. पण हा फरक कोण पाहतो? १९१० च्या परीक्षेत ६८ मुलांत त्याचा क्रमांक ६८ वा आला.

३१ ऑक्टोबर १९२५ रोजी लंडनमधील वेंब्ले येथे त्यांना हजारो लोकांपुढे भाषण करावे लागले. ते वारंवार अडखळले. पुढच्या वर्षी ते लायोनेल लोग या ऑस्ट्रेलियन शिक्षकांकडे गेले. लोग यांनी राजपुत्राला बरोबरीच्या नात्याने वागवले. श्वासाचे व्यायाम शिकवले. भाषणातले अवघड शब्द काढून सोपे घातले. धीर धरणे, हीच त्यांची खरी विद्या होती.

डिसेंबर १९३६ मध्ये थोरल्या भावाने गादी सोडली आणि आल्बर्ट राजे झाले. लगेच एका मोठ्या धर्मगुरूंनी रेडिओवर त्यांची स्तुती केली. राजे कधीकधी बोलताना थांबतात, पण त्याची काळजी नको, असेही सांगितले. हेतू चांगला होता. पण आता लोक राजांचे शब्द ऐकणार की त्यांचे थांबणे मोजणार? असली सहानुभूतीही टोमण्यासारखी टोचते.

३ सप्टेंबर १९३९ रोजी इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. त्या संध्याकाळी राजांनी रेडिओवर भाषण केले. जवळ फक्त लोग होते. राजे सावकाश, थांबत थांबत बोलले आणि भाषण पूर्ण केले. १९४४ च्या नाताळात मात्र ते लोग यांच्याशिवाय बोलले. लोग आपल्या घरी रेडिओपुढे बसून ऐकत होते.

६ फेब्रुवारी १९५२ रोजी सहावे जॉर्ज वारले. थोडे अडखळणे शेवटपर्यंत राहिलेच.