बावा गोर आणि त्यांचा मुगरमान

ब्राझीलच्या सांबा मिरवणुकीतील ‘सुर्दो’ हा ढोल आपणांपैकी पुष्कळांनी पडद्यावर पाहिला असेल. दोन तोंडांचा हा भला मोठा ढोल पट्ट्याने अंगावर अडकवतात आणि त्याच्या खर्जाच्या ठोक्यावर सारी मिरवणूक चालते. या तालाचे मूळ आफ्रिकेत. गुलाम म्हणून विकलेल्या माणसांबरोबर तो समुद्रापार गेला. पण आफ्रिकेचा ताल आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही पोचला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मी सुरतजवळच्या सचिन गावचा. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील बाळूमियाँ यांनी १७९१ साली जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांना देऊन त्याच्या मोबदल्यात सचिनचा मुलूख घेतला. १९४८ पर्यंत तेथे सिद्दी नबाबांचे राज्य होते. परंतु गुजरातचे सिद्दी ढोलावर हात ठेवतात तेव्हा नाव घेतात ते बावा गोर यांचे. म्हणून नबाबाऐवजी या साधुपुरुषाचे चरित्र मी येथे सांगत आहे.

सिद्द्यांच्या परंपरेनुसार त्यांचे मूळ नाव सिदी मुबारक नोबी. जन्म हबसाणातला, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूचा. ते फकिरी पंथाचे होते आणि अकिकाचे व्यापारीही होते. भडोच जिल्ह्यातील रतनपूरच्या टेकडीवर ते स्थायिक झाले. या भागात अकीक सापडतो. मातकट दिसणारा हा दगड मंद आचेवर भाजला की आतल्या लोहामुळे लालबुंद होतो. पुढे खंबायतचे कारागीर त्याचे मणी घडवतात. या धंद्याला बावा गोर यांनी ऊर्जितावस्था आणली, असे लोक मानतात. त्यांच्यामागून भाऊ बावा हबश आणि बहीण माई मिश्रा आले. टेकडीवरील राक्षसी भावांना आवरेना, तेव्हा बहिणीने तिला जेरीस आणले, अशी कथा आहे. रतनपूरच्या दर्ग्यात मुसलमानांबरोबर हिंदू आणि पारशीही नवस बोलतात.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला या चरित्रातील एक गोष्ट अस्वस्थ करते. अकिकाचे मणी गलबतांतून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जात, आणि त्याच किनाऱ्यावरून हस्तिदंताबरोबर माणसेही विक्रीस येत. जमाखर्चाच्या वहीत मणी आणि माणूस शेजारी शेजारी बसले! अशा वहीत ज्यांचे पूर्वज ‘माल’ म्हणून नोंदले गेले, त्यांनी आपला आदिपुरुष म्हणून निवडला तो स्वतःच्या पायांनी आलेला, ताठ मानेचा एक व्यापारी. मला यात त्या समाजाचा सारा स्वाभिमान दिसतो.

बावा गोर यांच्यापुढे वाजणारा ‘मुगरमान’ हा उभा, पायांवर टेकवलेला ढोल. त्याच्या जोडीला दोन तोंडांचा ‘मुसिंदो’ असतो, आणि माई मिश्रांच्या नावाचा नारळाच्या करवंटीचा खुळखुळाही असतो. या नाचगाण्यास धमाल किंवा ‘गोमा’ म्हणतात. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल, आणि नाचही. सिद्दी आज घरीदारी गुजराती बोलतात. पूर्वजांची भाषा गेली. तिच्यातले मोजके शब्द उरले, ते मुख्यतः ढोलाच्या आधाराने.

आपल्या अंकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना हे परके वाटू नये. हल्याळ आणि यल्लापूरच्या रानात राहणारे सिद्दी कोकणी आणि कन्नड बोलतात, आणि ‘दमाम’ नावाचा ढोल वाजवतात. माझी आई कन्नड, वडील मराठी, शाळा मराठी आणि गाव गुजरातेत. कोणती भाषा माझी, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. सिद्द्यांना तो प्रश्न कितीतरी अधिक कठोरपणे विचारला गेला असेल. बावा गोर यांनी त्यांना धन दिले नाही, राज्य दिले नाही. एक नाव दिले आणि त्या नावाने धरायचा ठेका दिला. शेकडो वर्षे तेवढ्यावर एक समाज स्वतःला ओळखत आला, हे मला कोणत्याही नबाबाच्या राज्यापेक्षा मोठे वाटते.

(द्वितीय वर्ष, वाणिज्य)