मतासाठी झगडलेल्या हेराबाई टाटा



निवडणूक आली की आपल्या मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील बाई मासळीची पाटी खाली ठेवून मतदानाच्या रांगेत उभी राहते. हा हक्क तिला कुणी दान म्हणून दिलेला नाही. त्यासाठी झगडलेल्या एका बाईचे नाव आज आपण विसरलो आहोत. ते नाव म्हणजे हेराबाई टाटा.

हेराबाईंचा जन्म १८७९ सालचा, पारशी कुटुंबातला. सोळाव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. पती आर्देशर कापड गिरणीत नोकरीस होते. १९११ साली काश्मीरमध्ये त्यांची सोफिया दुलीपसिंग यांच्याशी गाठ पडली. महाराजा रणजितसिंगांची ही नात इंग्लंडात स्त्रियांच्या मतासाठी लढत होती. त्या भेटीतून हेराबाईंना आपले जीवितकार्य सापडले.

१९१९ साली साउथबरो कमिटीने भारतीय स्त्रियांना मत देण्यास नकार दिला. लक्षात घ्या, याच कमिटीपुढे तरुण भीमराव आंबेडकरांनी साक्ष देऊन, अस्पृश्यांना मत मिळावे म्हणून मताधिकाराची अट खाली आणा, अशी मागणी केली होती. नकार ऐकून हेराबाई घरी बसल्या नाहीत. मुंबईच्या स्त्रियांच्या वतीने, मुलगी मिठन हिला बरोबर घेऊन त्या लंडनला गेल्या. पार्लमेंटच्या कमिटीपुढे त्यांनी बाजू मांडली आणि इंग्लंडात सभा घेतल्या. अखेर पार्लमेंटने हा प्रश्न प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवला. १९२१ साली आधी मद्रासने व मग मुंबईने स्त्रियांना मत दिले. मिठन पुढे बॅरिस्टर झाली. हेराबाई १९४१ साली वारल्या.

पण हा विजय सर्व स्त्रियांपर्यंत पोहोचला का? मत मिळाले ते पुरुषांच्याच अटींवर, म्हणजे मालमत्ता असेल तर! मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणून मुंबईचा ठराव इथे लागू होता. शेजारचे सावंतवाडी संस्थान त्याच्या बाहेर राहिले. आणि मालवणात तरी जमीन कुणाच्या नावावर होती? काथ्या वळणारी, मासळी विकणारी, दुसऱ्याच्या शेतात भात लावणारी बाई यादीबाहेरच राहिली. जातीने जिला जमीनच मिळू दिली नाही, तिला मत कुठून मिळणार?

ही अट मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९२९ साली सायमन कमिशनच्या कामात आपला स्वतंत्र अहवाल दिला आणि एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषास मत मागितले. संविधानाने ते दिले. १९५१-५२ च्या निवडणुकीत भूमिहीन बाईचे मत आणि खोताचे मत एकाच तोलाचे ठरले.

हेराबाईंनी दार ठोठावले, ते अर्धे उघडले. पुरते उघडले ते संविधानाने. म्हणून भगिनींनो, दोघांचीही आठवण ठेवा. मतदारयादीत आपले नाव आहे की नाही ते स्वतः पाहा, आणि मत कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या बुद्धीने द्या.