भास्कराचार्य आणि अव्यक्ताची ओळख

बीजगणिताचें पुस्तक प्रथम हातीं येतांच पुष्कळ विद्यार्थ्यांचें धैर्य खचतें. अंकांच्या जागीं अक्षरें कां यावींत हें न उमगल्यामुळें ते उदाहरणें पाठ करूं लागतात, आणि पाठांतर फसलें म्हणजे हा विषय आपल्यासाठीं नव्हेच, असें मानून बसतात. अशांनीं, ज्या थोर पुरुषानें आठशेंहून अधिक वर्षांपूर्वीं याच महाराष्ट्राच्या भूमींत हा विषय शिकविला, त्याच्या चरित्राकडे दृष्टि वळवावी.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ या वर्षीं झाला. सह्याद्रीच्या परिसरांतील विज्जडविड हें त्यांचें गांव. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरु होत. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, इ. स. ११५० मध्यें, त्यांनीं सिद्धांतशिरोमणि हा ग्रंथ रचला. लीलावती व बीजगणित हे त्याचेच भाग मानले जातात. पुढें सत्तरीच्या उंबरठ्यावर, ११८३ मध्यें, त्यांनीं करणकुतूहल हा ज्योतिषग्रंथ सिद्ध केला. त्यांचा व्यासंग वार्धक्यांतहि मंदावला नव्हता.

जी संख्या ठाऊक नाहीं तिला ते प्रथम नांव देत. पहिलीस यावत्तावत् म्हणत. आणखी असल्यास त्यांस काळा, निळा, पिवळा, तांबडा अशा रंगांचीं नांवें देत. आपला क्ष याच कुळांतला. शून्याहून कमी असलेल्या संख्येस ते ऋण म्हणत व तिच्या डोक्यावर बिंदु देत. आठवडी बाजारांतील उधारी पाहिलेल्या मुलास ऋण व धन हे शब्द परके वाटूं नयेत.

त्यांचें एक उदाहरण पाहा. एकापाशीं सहा घोडे व तीनशें नाणीं आहेत; दुसऱ्यापाशीं दहा घोडे, परंतु शंभर नाण्यांचें कर्ज आहे. घोडे सारख्या किमतीचे व दोघांची संपत्ति समान. तर घोड्याची किंमत काय? किमतीस नांव द्यावें, दोन्ही पक्ष एकाखालीं एक मांडावे, आणि एका पक्षांत जें करावें तेंच दुसऱ्यांतहि करावें. दोहोंतून सहा घोडे काढले, कीं एकीकडे तीनशें नाणीं व दुसरीकडे चार घोडे आणि शंभरांचें ऋण उरतें. दोहोंत शंभर मिळविले, कीं चार घोड्यांचे चारशें, म्हणजे एकाचे शंभर. घोड्यांच्या जागीं तेंदूपानांचे पुडे घेतले तरी रीत तीच.

दुसरें उदाहरण वानरांच्या कळपाचें आहे. कळपाच्या पंचमांशांतून तीन वजा करून जी संख्या येते, तिच्या वर्गाइतके वानर गुहेंत शिरले व एक फांदीवर दिसला. तर कळप केवढा? उत्तरें दोन निघतात, पन्नास व पांच. पन्नासाचा पंचमांश दहा, त्यांतून तीन गेले सात, सातांचा वर्ग एकोणपन्नास व वरचा एक; ताळा जमला. पांचांचा पंचमांश तर एकच. त्यांतून तीन वानर कसे काढावे? म्हणून आचार्यांनीं पांच हें उत्तर त्याज्य ठरविलें. आलेलें उत्तर मूळ गोष्टींत घालून पाहिल्यावांचून उदाहरण पुरें झालें असें मानूं नये.

बुद्धि हेंच खरें बीज असून अक्षरें हीं केवळ तिचीं साहाय्यक, असा त्यांचा अभिप्राय होता. म्हणूनच सूत्रें देऊन न थांबतां त्यांनीं स्वतः गद्यांत स्पष्टीकरणहि लिहिलें. लीलावतींतील कित्येक उदाहरणें एका बालिकेस उद्देशून आहेत. मुलींस गणित कशाला, असें म्हणणाऱ्या पालकांनीं याचा अवश्य विचार करावा.

आचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरीं ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचें अध्यापन चालावें म्हणून त्यानें चाळीसगांवजवळील पाटण येथें मठ स्थापिला. तेथील शके ११२८ च्या शिलालेखांत या मठास दिलेल्या दानांची नोंद असून तिचा कांहीं भाग जुन्या मराठींत आहे. तें स्थान आज अरण्यानें वेढलेलें आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांतील विद्यार्थ्यांनो, विद्या अरण्यास परकी नाहीं. नित्य दोन-चार उदाहरणें स्वतःच्या हातानें, एकाहि पायरीस फांटा न देतां सोडवा. आणि पालकहो, सायंकाळच्या कामांतून तेवढी अर्धी घटका मुलामुलींस मोकळी द्या. अव्यक्ताची भीति त्याला नांव देतांच निम्मी सरते. उरलेली अभ्यासानें सरेल.