जनरल थिमय्या : एक शांतिरक्षक सेनानी

बेंगळुरूच्या वाङ्मयीन इतिहासात बसवनगुडीला अग्रस्थान आहे. १८९८ च्या प्लेगच्या सुमारास जुन्या पेठेच्या दक्षिणेस ही वसाहत आखली गेली आणि कालांतराने कन्नड लेखक, पत्रकार व विद्वान यांचे ते माहेरघर बनले. डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ साली याच परिसरात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावाने सार्वजनिक कार्याची संस्था स्थापन केली. शहराची दुसरी बाजू इंग्रजी छावणीची होती. तिचे आचार-विचार निराळे होते आणि व्यवहाराची भाषाही निराळी होती. या दुसऱ्या बाजूस ज्यांचे शालेय शिक्षण झाले, त्या जनरल कोडंदेर सुबय्या थिमय्या यांचे चरित्र रणांगणावरील पराक्रमापेक्षा एका वेगळ्याच कसोटीमुळे अभ्यसनीय ठरते.

थिमय्यांचा जन्म ३१ मार्च १९०६ रोजी कोडगूमधील मडिकेरी येथे कॉफीच्या बागायतदार कुटुंबात झाला. कुन्नूर, त्यानंतर बेंगळुरूचे बिशप कॉटन विद्यालय व देहराडूनचे सैनिकी महाविद्यालय असा त्यांचा शिक्षणक्रम झाला. इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथून १९२६ साली ते अधिकारी होऊन बाहेर पडले व पुढे हैदराबाद रेजिमेंटमध्ये दाखल झाले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगाव येथे झालेल्या लढाईत एकाच ब्रिगेडमधील तीन पलटणींचे नेतृत्व तीन भारतीय अधिकाऱ्यांकडे होते : थिमय्या, एल. पी. सेन आणि कोल्हापूरकडील शंकरराव थोरात. तिघांनाही या लढाईतील कामगिरीबद्दल डी. एस. ओ. हा सन्मान मिळाला. नोव्हेंबर १९४८ मध्ये झोजिला खिंडीत रणगाडे चढवून थिमय्यांनी लडाखचा मार्ग मोकळा केला. हा भाग सर्वपरिचित असल्याने त्याचा विस्तार येथे करीत नाही.

कोरियाचे युद्ध हे एका दृष्टीने एकाच राष्ट्राच्या दोन भागांतील यादवी होते, आणि त्यात बाहेरच्या महासत्ता उतरलेल्या होत्या. २७ जुलै १९५३ च्या युद्धविराम करारातील दोन कलमे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिल्या कलमान्वये उभय पक्षांना नवी शस्त्रसामग्री आणून बळ वाढविण्यास मनाई होती. त्यावर देखरेख ठेवण्यासाठी स्वित्झर्लंड, स्वीडन, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया यांचे निरीक्षक दोन्ही बाजूंच्या ठरावीक बंदरांवर नेमले गेले. दुसऱ्या कलमान्वये, मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा प्रश्न एका तटस्थ आयोगाकडे सोपविला गेला. या आयोगात हीच चार राष्ट्रे व भारत होता. अध्यक्षपद थिमय्यांकडे आले, तर कैद्यांचा ताबा घेणाऱ्या सुमारे सहा हजारांच्या भारतीय दलाचे अधिपत्य थोरातांकडे होते.

दक्षिणेकडून आलेल्या अशा कैद्यांची संख्या २२,६०४ होती, तर उत्तरेकडून आलेले केवळ ३५९ होते. कैद्यांच्या छावण्यांतून त्यांच्याच संघटनांचा धाक होता. परत जाऊ इच्छिणाऱ्यास आपली इच्छा बोलून दाखविणेही धोक्याचे होते. अशा स्थितीत कैद्यांनी एका भारतीय मेजरला अडकवून ठेवले. तेव्हा थोरात स्वतः त्या छावणीत गेले आणि गोळी न झाडता त्यांनी त्याला सोडवून आणले. सर्वच प्रसंग इतक्या सुखाने निभावले नाहीत. ऑक्टोबरच्या आरंभी भारतीय दलास गोळीबार करावा लागला व त्यात कैदी मृत्युमुखी पडले. आयोगात दोन सदस्य एका गटाकडे तर दोन दुसऱ्या गटाकडे झुकलेले असल्याने निर्णायक मत बहुधा अध्यक्षाचेच ठरे, आणि ज्याच्या विरुद्ध ते पडे तो पक्ष भारताच्या तटस्थतेविषयी शंका घेई. कैद्यांना समजावून सांगण्याची नव्वद दिवसांची मुदत डिसेंबरमध्ये संपली, तरी बहुसंख्य कैद्यांपर्यंत समजावणी पोहोचलीच नव्हती. जानेवारी १९५४ मध्ये थिमय्यांनी उरलेले कैदी ज्याच्या त्याच्या पूर्वीच्या ताब्यात परत दिले. तो निर्णय दोन्ही बाजूंना रुचला नाही. तथापि पुन्हा युद्ध न पेटता एक ज्वालाग्राही प्रश्न मार्गी लागला, हे नाकारता येणार नाही. शस्त्रबंदीच्या कलमाचे भाग्य मात्र तसे नव्हते. १९५६ साली दक्षिणेतून निरीक्षकांना काढून लावण्यात आले, आणि पुढील वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या सेनापतिमंडळाने ते कलम आपल्यापुरते रद्द ठरविले. ज्यांच्यावर बंदी, त्यांचीच संमती उरली नाही म्हणजे निरीक्षक निरुपाय होतो, हा धडा त्यातून मिळाला.

१९५७ ते १९६१ या काळात थिमय्या भूदलाचे प्रमुख होते. १९५९ मध्ये संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी झालेल्या मतभेदामुळे त्यांनी राजीनामा दिला व पंतप्रधान नेहरूंच्या आग्रहावरून तो मागेही घेतला. निवृत्तीनंतर ते कोडगूस परतले होते. तेथून १९६४ साली त्यांना सायप्रसला जावे लागले.

सायप्रस १९६० साली स्वतंत्र झाला. डिसेंबर १९६३ मध्ये ग्रीक व तुर्की समाजांत यादवी उसळली, आणि ४ मार्च १९६४ च्या ठरावाने संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना तेथे स्थापन झाली. तिचे पहिले सेनापती भारताचेच जनरल ग्यानी होते. जुलैमध्ये त्यांच्या जागी थिमय्या आले. लढाई पुन्हा होऊ न देणे व जनजीवन पूर्ववत करण्यास साहाय्य करणे एवढाच या सेनेचा अधिकार होता. बेटावर उतरणारी शस्त्रे अडविण्याची सत्ता तिला दिलेली नव्हती. सरकारपक्ष बंदरांतून शस्त्रे आणी, आणि तुर्की पक्षाकडे कोक्किनाच्या किनाऱ्यावरून माणसे व शस्त्रे येत. ऑगस्टमध्ये याच किनाऱ्यासाठी मोठी चकमक झडली, तुर्कस्तानच्या विमानांनी बॉम्बवर्षाव केला, आणि सुरक्षा परिषदेच्या आवाहनानंतरच युद्ध टळले. सरकारने तुर्की वस्त्यांवर घातलेली बंदी शस्त्रांपुरती नव्हती. सिमेंट, लोखंड, इंधन यांसारख्या नित्याच्या वस्तूही तिच्या यादीत होत्या. कोणती वस्तू लष्करी आणि कोणती संसाराची, याची घासाघीस शांतिसेनेस करावी लागे. ऑक्टोबरमध्ये निकोसिया–किरेनिया हा कळीचा रस्ता वाटाघाटींनी शांतिसेनेच्या ताब्यात आला आणि ग्रीक प्रवाशांना तिच्या संरक्षणाखाली त्यावरून जाता येऊ लागले. हुकूम सोडून जे साधले नसते ते येथे उभयपक्षी विश्वासाने साधले. थिमय्यांच्या कार्याचे मर्म यात आहे.

१८ डिसेंबर १९६५ रोजी सायप्रसमध्येच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचा देह बेंगळुरूस आणण्यात आला. पुढील वर्षी सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. कोरियातील अनुभवांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक मात्र मरणोत्तर, १९८१ साली प्रसिद्ध झाले. १९७४ मध्ये सायप्रसची फाळणी झाली. शांतिसेना आजही तेथे आहे. यावरून थिमय्यांचे कार्य विफल झाले असे म्हणता येणार नाही. शांतिसेना कलह मिटवीत नाही, तो मिटविण्यास अवधी देते. त्या अवधीचा उपयोग करणे हे राज्यकर्त्यांचे काम असते.

आपल्या बखरींना व पोवाड्यांना जिंकलेल्या लढाया ठाऊक आहेत. न झालेल्या लढायांची नोंद ठेवण्याची रीत आपल्या चरित्रवाङ्मयात फारशी रुळलेली नाही. गोखल्यांचे राजकारण प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून घेण्यावर आधारलेले होते, आणि त्यापायी त्यांना दोन्हीकडून टीका सोसावी लागली. त्यांच्या नावाची संस्था बसवनगुडीत असावी आणि त्याच रीतीची कसोटी बंदुकीच्या छायेत देणारा सेनानी त्याच शहराच्या छावणीत शिकलेला असावा, हा योगायोग खरा. पण थिमय्यांच्या चरित्राचे मोल रणांगणापलीकडे का शोधावे, हे त्यावरून ध्यानी येते.