गोटलीब डाइमलर

गोटलीब डाइमलर (जन्म : शॉर्नडॉर्फ, १७ मार्च १८३४, मृत्यू : कानश्टाट, ६ मार्च १९००) हे मोटारगाडीच्या आद्य जनकांपैकी एक जर्मन अभियंते होते. १८८२ मध्ये डॉइट्स येथील कारखाना सोडून त्यांनी विल्हेल्म मायबाख यांच्यासह कानश्टाट येथे हलके, वेगवान पेट्रोल इंजिन विकसित केले.

१८८५ च्या या इंजिनात पिस्टनखालच्या बंद पेटीत दाबलेली हवा पिस्टनमधील झडपेतून सिलिंडरमध्ये शिरत असे. जादा हवा भरून शक्ती वाढवण्याचा हा प्रारंभीचा प्रयत्न होय. मात्र ही झडप पुढे सोडून द्यावी लागली.

डाइमलर यांची ही कल्पना त्यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र पाउल यांनी वेगळ्या मार्गाने सिद्धीस नेली. १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात सुपरचार्जर बसवलेल्या मर्सिडीज मोटारी मांडण्यात आल्या. त्यांत अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरच सुपरचार्जर इंजिनाला जोडला जाई. आधुनिक मोटारींत तो बहुधा सतत फिरत असतो. इंजिनावरील भार कमी असताना बायपास झडप उघडी राहून जादा हवा सुपरचार्जरच्या प्रवेशमार्गाकडे परतते. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच झडप मिटते व सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेचा दाब वाढतो.

डाइमलर यांचा वारसा सांगणारी मर्सिडीज-बेंझ कंपनी १९९४ पासून पुण्यात कार्यरत आहे.