संत इग्नाशियस लोयोला यांचें लॅटिन अध्ययन

लोयोलाचे संत इग्नाशियस हे येशूसंघाचे संस्थापक, हें आपल्या धर्मग्रामांतील मुलांसही ठाऊक असतें. तोफेच्या गोळ्यानें त्यांचा पाय मोडला व रुग्णशय्येवर ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा वाचून त्यांचें मन पालटलें, हा वृत्तांत आपण प्रवचनांतून वारंवार ऐकिला आहे. परंतु त्या दुखण्याहून कितीतरी दीर्घ असें एक तप त्यांनीं पुढें केलें, आणि त्याची वाच्यता फारशी होत नाहीं. तें तप म्हणजे लॅटिन व्याकरणाचा अभ्यास.

इग्नाशियस यांचा जन्म १४९१ सालीं स्पेनच्या उत्तरेस बास्क प्रांतांतील लोयोलाच्या गढींत झाला. तेरा भावंडांत ते धाकटे. मूळ नांव इनीगो. तारुण्य कॅस्टिलच्या राजाच्या खजिनदाराच्या घरीं गेलें. तेथें ते शस्त्रविद्या व दरबारी रीतिभाती शिकले; हस्ताक्षरही सुंदर होतें. विद्येचा मात्र गंध नव्हता. २० मे १५२१ रोजीं पांप्लोनाच्या वेढ्यांत ते जखमी झाले. पुढें मान्रेसा येथें त्यांनीं कठोर तपश्चर्या केली आणि १५२३ सालीं ते जेरुसलेमला पोंचले. त्या पवित्र भूमींतच देह ठेवावा हा त्यांचा मनोदय होता. पण तेथील फ्रान्सिस्कन वरिष्ठांनीं त्यांस राहूं दिलें नाहीं. परतीच्या वाटेवर त्यांनीं मनाशीं ठरविलें कीं, आत्म्यांचें कल्याण करावयाचें तर आधीं शिकलें पाहिजे.

शिकणें म्हणजे त्या काळीं लॅटिन शिकणें. विद्यापीठांतील व्याख्यानें लॅटिनमध्यें, ग्रंथ लॅटिनमध्यें, वादविवादही लॅटिनमध्यें. मिस्सा तर लॅटिनमध्येंच होती, व ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६० नंतरच्या दशकापर्यंत, आपल्याकडेही तशीच चालली. अर्थ न कळतां वेदीसेवकांनीं पाठ केलेलीं तीं उत्तरें आपल्यांतील वृद्धांस अद्याप मुखोद्गत असतील. ज्यांनीं संस्कृत रूपें घोकलीं आहेत त्यांस या भाषेची घडण परकी वाटणार नाहीं. नामें पांच गटांत विभागलेलीं, प्रत्येकास विभक्तीचे प्रत्यय, क्रियापदांचे चार वर्ग. हें सारें लहान वयांत तोंडीं बसतें. मोठेपणीं बुद्धि जाणते, पण जीभ ऐकत नाहीं.

१५२४ सालीं, वयाच्या ३३ व्या वर्षीं, इग्नाशियस बार्सिलोना येथें पहिल्या धड्यास बसले. जेरोनिमो आर्देवोल नांवाचे शिक्षक त्यांस विनामूल्य शिकवीत व इसाबेल रोझेर ही धर्मशील स्त्री त्यांच्या निर्वाहाची सोय पाही. येथें एक विलक्षण अडचण उभी राहिली. व्याकरण पाठ करूं लागतांच त्यांच्या मनांत ईश्वरी गोष्टींचे नवे नवे अर्थ उमलूं लागत, हृदय भक्तिरसानें भरून येई आणि धडा जागच्या जागीं राही. प्रीति करणें या अर्थाचें क्रियापद चालवितांना ते देवाच्या प्रीतींतच हरवून जात, असें परंपरेनें सांगतात.

दुसरा कोणी असता तर हा प्रसाद समजून पुस्तक मिटून बसला असता. इग्नाशियस यांनीं मात्र विचार केला कीं, प्रार्थनेच्या वेळीं किंवा मिस्सेंत ज्या गोष्टी इतक्या उत्कटतेनें सुचत नाहींत, त्या नेमक्या अभ्यासाच्या वेळींच कां सुचाव्यात? हा मोह आहे हें त्यांनीं ओळखलें. आमच्या मतें त्यांच्या चरित्रांतील सर्वांत सूक्ष्म विवेक हाच. लगेच ते गुरुजींना जवळच्या सांता मारिया देल मार या मंदिरांत घेऊन गेले, सर्व कांहीं निवेदन केलें आणि वचन दिलें कीं, बार्सिलोनांत भाकरपाणी मिळेल तोंवर दोन वर्षें मी आपल्या पाठास चुकणार नाहीं. त्यानंतर तो उपद्रव थांबला.

दोन वर्षांनीं गुरुजींनीं पुढें जाण्यास अनुमति दिली. १५२६ सालीं ते आल्कालाच्या विद्यापीठांत गेले व तेथें तर्कशास्त्र, पदार्थविज्ञान आणि ईश्वरज्ञान यांचे पाठ एकदमच ऐकूं लागले. पाया कच्चा, त्यावर तीन मजले. पदरीं कांहींच पडलें नाहीं. शिवाय लोकांस धर्मोपदेश करतात म्हणून संशय येऊन त्यांस बेचाळीस दिवस कारागृहांत ठेवण्यांत आलें. सालामांका येथेंही तोच प्रकार घडला. तेथें बावीस दिवस. त्यांच्या शिकवणुकींत दोष सांपडला नाहीं, तरी आणखी चार वर्षें अध्ययन केल्यावांचून कांहीं विषयांवर बोलूं नये, असा निर्बंध त्यांस घालण्यांत आला.

मग ते पायींच पॅरिसला निघाले आणि २ फेब्रुवारी १५२८ रोजीं तेथें पोंचले. आपली घाई आपणांस नडली हें त्यांनीं जाणलें होतें. म्हणून माँतेग्यू महाविद्यालयांत त्यांनीं पुनः व्याकरणापासून प्रारंभ केला, तोही लहान मुलांच्या बांकावर. वय सुमारें ३७, डोक्याचे केस विरळ होत चाललेले, एक पाय अधू आणि शेजारीं मिसरूडही न फुटलेलीं पोरें! एके काळीं मानापमानासाठीं तलवार उपसणाऱ्या या सरदारपुत्रानें तो वर्ग निमूटपणें पुरा केला.

त्यांतच बार्सिलोनाहून मिळालेले पैसे त्यांनीं एका देशबांधवापाशीं ठेव म्हणून दिले व त्यानें ते खर्चून टाकले. इग्नाशियस यांस सीन नदीपलीकडील संत याकोबाच्या धर्मशाळेंत आश्रय घ्यावा लागला. तिचें दार उजाडल्यावर उघडे व सायंप्रार्थनेच्या घंटेस बंद होई; महाविद्यालयांतील पाठ मात्र पहांटेपूर्वींच सुरू होत. त्यामुळें सकाळचे धडे बुडत आणि दिवस भिक्षेंत जाई. कोणा अध्यापकाचा सेवक होऊन राहावें म्हणून त्यांनीं खटपट केली. कोणी ठेवून घेतलें नाहीं. शेवटीं एका धर्मबंधूच्या सल्ल्यानें ते दरवर्षीं कांहीं आठवडे फ्लँडर्समधील स्पॅनिश व्यापाऱ्यांकडे, व एकदां लंडनलाही, जाऊन वर्षाची बेगमी करूं लागले. ठेव उडविणारा तो इसम रूआं येथें आजारी पडल्याचें कळतांच हे अनवाणी, उपाशीपोटीं तिकडे चालत गेले आणि त्याच्या घरीं परतण्याची व्यवस्था करून आले.

१५२९ सालीं ते सेंट बार्ब महाविद्यालयांत तत्त्वज्ञानासाठीं दाखल झाले. पुनः भक्तीचे विचार धड्यांत येऊं लागले व पुनः त्यांनीं गुरूंस तेंच वचन दिलें. त्यांच्या खोलींतील सोबती होते पीटर फाबर आणि फ्रान्सिस झेवियर. तेथील प्राचार्य दियोगो द गूव्हेया यांनीं आधीं इग्नाशियस यांस, विद्यार्थ्यांस बहकवितात म्हणून, सर्वांसमक्ष फटक्यांची शिक्षा देण्याची धमकी दिली होती. पुढें त्यांचेंच मत असें पालटलें कीं, १५३८ सालीं पोर्तुगालच्या राजास हिंदुस्थानासाठीं याच मंडळीची शिफारस त्यांनीं केली. त्या शिफारशीचें फळ आपण पाहतोंच: ६ मे १५४२ रोजीं फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले, व पुढें वसईच्या भूमीसही त्यांचे पाय लागले.

इग्नाशियस यांस १५३५ सालीं पॅरिसची मास्टर ही पदवी मिळाली. १५३७ सालीं व्हेनिस येथें गुरुदीक्षा झाली आणि १५४० सालीं पोपमहाशय तिसरे पॉल यांनीं येशूसंघास मान्यता दिली. लॅटिन त्यांस अखेरपर्यंत डौलदार लिहितां आलें नाहीं. पत्रें बहुतेक स्पॅनिशमध्यें असत. पण विद्यार्थ्यांसाठीं त्यांनीं जे नियम केले त्यांत बार्सिलोना व आल्काला यांची खूण स्पष्ट दिसते. विषय क्रमानें घ्यावेत, आधीं व्याकरण पक्कें करावें, आणि अध्ययनाच्या काळांत प्रार्थनेचे तास वाढवूं नयेत, कारण अभ्यासही संपूर्ण मनुष्य मागतो. १५५१ सालीं त्यांनीं रोममध्यें जें विद्यालय उघडलें, त्याच्या दारावरील पाटीवर व्याकरण, साहित्य व ख्रिस्ती धर्मशिक्षण विनामूल्य मिळेल असें लिहिलें होतें. ३१ जुलै १५५६ रोजीं ते देवाघरीं गेले, तेव्हां गोव्यांतील संत पॉल विद्यालयांत आपल्या देशांतील मुलें तेंच लॅटिन व्याकरण घोकीत होतीं.