यंत्राला नागरी शिकविणारे र. कृ. जोशी

कोल्हापूरहून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बिद्री हे गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वपरिचित आहे. या गावातील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर पत्र्याच्या एका डब्यात साडेतीन इंची फ्लॉपी डिस्क सापडल्या. १९९६ साली निघालेल्या एका स्मरणिकेचा मजकूर त्यांत होता आणि त्या स्मरणिकेत आजोबांनी आपल्या आठवणी लिहिल्या होत्या. हस्तलिखित केव्हाच गहाळ झाले, छापील प्रत वाळवीने खाल्ली. उरल्या होत्या त्या या चकत्याच.

जुना फ्लॉपी ड्राइव्ह मिळवून त्या एकेक करून लावून पाहिल्या. बहुतेकींवर बुरशी चढलेली. आजोबांच्या लेखाची फाइल मात्र उघडली. मजकूर शाबूत होता, पण वाचता येत नव्हता. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे आणि चलनांच्या खुणा यांची खिचडी दिसत होती. मराठी अक्षरजुळणीची आज्ञावलीही एका फ्लॉपीवर होती. जुन्या विंडोजचे सोंग आणणाऱ्या खिडकीत ती सुरू केली, तर तिने प्रिंटरच्या खोबणीत बसवायची किल्ली मागितली. त्या काळी अशी किल्ली लावल्याशिवाय ही सॉफ्टवेअरे चालत नसत. किल्ली नाही, म्हणून कुलूप उघडत नाही. आणि कुलपाआड आपल्याच माणसाचे शब्द.

१९९०च्या दशकात संगणकावर जुळविलेल्या असंख्य मराठी पुस्तकांची, अहवालांची आणि अंकांची गत हीच आहे. आजच्या मराठीवर ही पाळी येत नाही, यामागे अनेकांचे श्रम आहेत. त्यांतील एक ठळक नाव कोल्हापूर-सांगलीच्या याच परिसरात जन्मलेल्या एका अक्षरसाधकाचे आहे. ते नाव म्हणजे रघुनाथ कृष्ण जोशी, अर्थात र. कृ. जोशी.

जोशींचा जन्म १९३६चा. मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत त्यांचे शिक्षण झाले. पुढे त्यांनी जाहिरातीचे क्षेत्र निवडले आणि उल्का या संस्थेत कलादिग्दर्शक म्हणून दीर्घ काळ काम केले. जाहिरातीच्या जगात तेव्हा रोमन अक्षरांचा थाट होता. इंग्रजी मथळ्यासाठी शेकडो वळणांचे टाइप उपलब्ध असत. देवनागरीसाठी मात्र छापखान्यातील खिळ्यांची मोजकी वळणे. मराठी मथळा हवा तर तो हाताने काढावा लागे. जोशी यांनी ही अडचण संधी मानली. बोरू आणि कुंचला यांच्याबरोबरच हाती येईल त्या साधनाने अक्षर काढून पाहण्याचा त्यांना छंद होता. अक्षर ही त्यांच्या लेखी केवळ ध्वनीची खूण नव्हती. तिला अंग, वजन आणि लय होती. ते कवीही होते. शब्दांची मांडणी हाच ज्यांचा आशय असतो, अशा दृश्यकविता त्यांनी मराठीत लिहिल्या. वाचण्याची कविता आणि पाहण्याचे चित्र यांच्यातील कुंपण त्यांनी फारसे मानले नाही.

१९६०च्या दशकात त्यांनी देशनागरी ही कल्पना मांडली. निरनिराळ्या भारतीय लिप्यांतील साम्य हेरून सर्व भाषांना चालेल अशी एक लिपी घडविण्याचा तो प्रयत्न होता. तो व्यवहारात रुजला नाही. परंतु त्यामुळे त्यांना भारतीय लिप्यांची हाडामांसाची ओळख झाली. कोणती रेघ कोठून येते, वेलांटी कोठे टेकते, जोडाक्षरात कोणते अक्षर अर्धे होते आणि कोणते खाली लोंबते, याचा हा अभ्यास पुढे अगदी वेगळ्या ठिकाणी कामी येणार होता.

१९८३ साली जोशी मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक झाले. सुमारे तेरा वर्षे त्यांनी तेथे अक्षरविद्या शिकविली. याच काळात भारतीय भाषा संगणकावर येऊ लागल्या होत्या. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली आली आणि १९९१ साली तिला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. मात्र छपाईच्या धंद्यातील घाई मानकाची वाट पाहत थांबली नाही. डीटीपीच्या दुकानांत प्रत्येक कंपनीचा फॉन्ट निराळा आणि त्याची आतील मांडणीही निराळी.

ही मांडणी समजून घेतली म्हणजे फ्लॉपीवरील खिचडीचा उलगडा होतो. तेव्हाच्या फॉन्टमध्ये फार तर २५६ घरे असत आणि तीही इंग्रजीसाठी आखलेली. मराठी फॉन्ट करणाऱ्याने त्या घरांत आपली अक्षरे बसविली. इंग्रजीतील एखाद्या अक्षराच्या घरात अर्धा क, कंसाच्या घरात रफार, असा तो कारभार. संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच. फक्त अंगावरचा पोशाख मराठी. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते, पण येथे ती आधी टंकावी लागे, कारण कागदावर ती आधी दिसते. फॉन्ट काढून घेतला की पोशाख उतरतो आणि खाली अर्थहीन चिन्हे उरतात. वृत्तपत्रांच्या सुरुवातीच्या संकेतस्थळांवर वाचकाला आधी फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, तोही याच कारणाने.

जोशी यांनी मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातील, म्हणजे एनसीएसटीतील, संगणकतज्ज्ञांशी हातमिळवणी केली. तेथे भारतीय अक्षरे घडविण्यासाठी विन्यास नावाची प्रणाली तयार झाली. आयआयटीतून निवृत्त झाल्यावर ते या केंद्राशी अधिक घट्टपणे जोडले गेले. चित्रकाराची नजर आणि अभियंत्याची शिस्त येथे समोरासमोर बसली. अभियंत्याला नियम हवा होता आणि जोशींना तो माहीत होता. फक्त तो आजवर हातात होता, कागदावर नव्हता.

तो नियम असा की मजकूर आणि त्याचे रूप वेगळे ठेवावे. १९९१ साली आलेल्या युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला जगभर मान्य असा एकच क्रमांक मिळाला. साठवताना वर्ण उच्चाराच्या क्रमाने साठवायचे. क आधी, वेलांटी नंतर. ती डावीकडे नेऊन दाखविणे, र आणि हलन्त यांचा रफार करून तो पुढच्या अक्षराच्या माथ्यावर चढविणे, क आणि ष यांचा क्ष करणे, ही सारी कामे दाखविण्याच्या वेळी फॉन्टने आणि संगणकप्रणालीने मिळून करायची. म्हणजे फॉन्ट काढणाऱ्याला नुसती सुबक अक्षरे काढून भागणार नव्हते. कोणत्या शेजाऱ्याजवळ कोणते अक्षर कसे बदलते, याचे संपूर्ण व्याकरण फॉन्टच्या पोटात भरावे लागणार होते. देशनागरीच्या निमित्ताने केलेला अभ्यास येथे फळाला आला.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० या प्रणालीबरोबर मंगल हा देवनागरी फॉन्ट आला. त्याचे दिग्दर्शन जोशींचे होते आणि विनय सायनेकर त्यांचे सहकारी होते. तमिळसाठी लता, तेलुगूसाठी गौतमी, कन्नडसाठी तुंगा, गुजरातीसाठी श्रुती आणि गुरुमुखीसाठी रावी या विंडोजच्या फॉन्टांमागेही त्यांचेच मार्गदर्शन होते. मुक्त प्रणालींसाठी एनसीएसटीने विनामूल्य दिलेल्या फॉन्टला त्यांच्या नावावरून रघू म्हणतात. विकत घेतलेल्या संगणकात काहीही न घालता मराठी दिसू लागले, त्याचे बरेचसे श्रेय या पिढीच्या फॉन्टांना द्यावे लागेल.

मंगलवर टीकाही झाली आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. पडद्यावर वाचण्यासाठी घडविलेला हा फॉन्ट छापील पानावर रूक्ष वाटे. त्यातील ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाची असल्याने मराठी डोळ्यांना ती खटकत. मराठी वळणाच्या ल आणि श यांना महाराष्ट्र शासनाने २००९ साली मानक वर्णमालेत स्थान दिले. सुलेखनात आयुष्य घालविलेल्या जोशींना या बारकाव्यांची जाण नव्हती, असे म्हणता येणार नाही. पण कमी रेषांत, लहान आकारात आणि अंधुक पडद्यावर वाचता येईल असे अक्षर देणे हे तेव्हाचे काम होते. सौंदर्याची भर पुढच्यांना घालता आली, कारण पाया पक्का झाला होता.

अखेरच्या वर्षांत ते वैदिक संस्कृतच्या मागे लागले. वेदपाठातील स्वरांच्या खुणा शाखेगणिक निराळ्या. त्या युनिकोडमध्ये नसल्याने पोथ्यांतील मजकूर संगणकावर अपुरा राहत असे. एनसीएसटी सी-डॅकमध्ये विलीन झाल्यावर तेथील सहकाऱ्यांसह त्यांनी या खुणांची संकेतावली तयार केली. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी वैदिक चिन्हांचा स्वतंत्र विभाग युनिकोडमध्ये दाखल झाला. तो पाहायला ते नव्हते.

बिद्रीच्या फ्लॉपीचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. आज्ञावलीने दार उघडले नाही, पण तिच्या शेजारी त्या फॉन्टची फाइल होती. ती उघडून कोणत्या घरात कोणते मराठी अक्षर बसविले आहे, याचा तक्ता हाताने केला. अर्ध्या अक्षरांना पुढचा काना जोडला, वेलांट्या मागून पुढे नेल्या, रफार जागेवर आणले. चार रात्री लागल्या. मग एकदा मजकूर बदलून पाहिला आणि ऊस गाडीवानाच्या पाठीवरून कारखान्यात जात असे, अशा काही गमतीदार चुकांसह आजोबा बोलू लागले. मुद्दाम मंगल निवडून तो लेख सर्वांनी प्रथम वाचला.

मंगल आता स्वतःच जुना झाला आहे. २०१२च्या विंडोज ८पासून निर्मला हा नवा फॉन्ट आला आणि विंडोज १०मध्ये मंगल हवा असेल तर तो वेगळा मागवून घ्यावा लागतो. काही वर्षांनी तोही कुणाच्या माळ्यावरील चकतीवरच सापडेल. पण त्याने काही बिघडणार नाही. २००० साली मंगलमध्ये लिहिलेले पत्र आज कोणत्याही फॉन्टमध्ये, खिशातील मोबाइलवरही, अक्षर न् अक्षर वाचता येते. अक्षराच्या रूपावर जन्मभर जीव लावणाऱ्या या माणसाने आपल्या उतारवयात असे काम केले, की रूप गेले तरी मजकूर उरावा. ज्यांच्या घरी जुन्या चकत्या आहेत, त्यांनी त्या बुरशी लागण्यापूर्वी उघडून पाहाव्यात आणि मजकुराबरोबर फॉन्टची फाइलही जपून ठेवावी.